लोखंडावरची नखं

ठाकुर्लीला परशुराम फिटरच्या शेडपुढे भर दुपारी साठ-सत्तर माणसं जमली होती आणि पुढे उभं राहायला एकही तयार नव्हता. पुढची जागा मिळाली की माणूस मागच्याला म्हणे, "या ना, तुम्ही बघा." इतकी आदबशीर गर्दी मी कधी पाहिली नाही.

शेडमध्ये इंजिन किंचाळत होतं. बाईच्या गळ्यातून निघावी तशी चिरकी, लांबलचक किंचाळी. काळुराम भगताने लाल फडक्यातून बाटली काढली, इंजिनाभोवती उलट्या फेऱ्या मारल्या आणि गरजला, "खाडीचे बाय, मिठागराचे बाय, लोखंडात शिरलेले बाय, गप हो! तुझा बाप आलाय!" मग बाटलीतलं मंतरलेलं तेल त्याने वरच्या भोकात ओतलं.

किंचाळी थांबली. इंजिन घुर्र घुर्र करत निमूट फिरू लागलं. लोकांनी हात जोडले. मीही जोडले. भुताखेतांवर विश्वास नाही असं चारचौघांत सांगणाऱ्याचे हात अशा वेळी सगळ्यांत आधी जुळतात, हे स्वतःवरून सांगतो.

ते इंजिन परशुरामने स्वतःच्या डोक्याने बनवलेलं. त्यात खालीवर होणारा दट्ट्या नव्हता. पिंपासारखं गोल लोखंडी घर, त्यात एका बाजूला सरकवून बसवलेलं चाक, चाकाच्या तीन खाचांत तीन पोलादी पाती. स्प्रिंगा पात्यांना बाहेर रेटायच्या, पाती घराच्या भिंतीला घासत फिरायची आणि दोन पात्यांमधल्या जागेत पेट्रोल पेटायचं. पाणी उपसायला लहान, हलकं इंजिन व्हावं एवढाच त्याचा हट्ट. तीन वर्षं तो त्या पात्यांशी झगडत होता. सैल ठेवली की दाब निसटे, घट्ट केली की ती ओरडत.

आठ दिवसांपूर्वी त्याने इंजिनाचं घर उघडलं, तर आतल्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे. शेकडो, नखांनी ओरबाडल्यासारखे. त्याची आई आवडाबाई जागच्या जागी खाली बसली. ते घर काढून दुसरं बसवलं तरी इंजिन किंचाळतच राहिलं, तेव्हा भगताला बोलावणं गेलं.

भगताने घरातल्या बायकांची बोटं ओरखड्यांना लावून पाहिली. आवडाबाईचं नख बसेना, तिच्या लेकीचं बसेना. सून लक्ष्मीचं बरोबर बसलं. लक्ष्मीला या घरात येऊन दीड वर्ष झालेलं, माहेर लांब देशावर, पाठीशी भाऊ नाही. भगताचं माप अशाच बोटांवर नेमकं जुळतं.

"हाडळ हिच्या नखांतून लोखंडात शिरते," भगताने सांगितलं. "अमावास्येला दहाही नखं उपटायची. नाहीतर घरचा धनी जाईल."

आज अमावास्या होती.

"परशुराम, पक्कड दे."

परशुरामने पक्कड दिली. तो हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. लक्ष्मीने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते. "आत्याबाई, मी नाही हो काही केलं."

"गप गो बाय," आवडाबाई रडत म्हणाली. "माजा एकच पोर हाय."

"थांबा!"

मुलींच्या शाळेतल्या शीला मास्तरीणबाई गर्दीतून पुढे आल्या. खोटं कशाला सांगू, त्याही घाबरल्या होत्या.

"मास्तरीणबाई, लांब ऱ्हा, झपाटाल," भगत म्हणाला.

"झपाटले तर तुम्ही आहातच. आधी सांगा, ओरखडे किती?"

"हाडळीची नखं कोण मोजतं?"

"मी." त्यांनी पिशवीतून फूटपट्टी काढली आणि काढून ठेवलेल्या जुन्या, ओरखडलेल्या घराच्या आत धरली. "इंचाला आठ. इथेही आठ. तिकडेही आठ. हाडळ फूटपट्टी घेऊन बसली होती काय? आणि त्या दिवशी तिघींची बोटं तुमच्या हातात होती. आता ज्याने त्याने आपलं नख लावावं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही या."

मी लावलं. बरोबर बसलं. माझी पहिली नजर पक्कडीकडे गेली.

"आणखी कोण?" बाईंनी विचारलं. चौघांनी लावलं, चौघांचं बसलं. चौघेही हात मागे बांधून उभे राहिले.

बाईंनी खडू काढला, शेडच्या काळ्या फळीवर उभा धरून जोरात रेटला. चिर्रर्र! गर्दी तीन पावलं मागे. फळीवर सारख्या अंतरावर ठिपक्यांची रांग उमटली.

"खडू अडकतो, सुटतो, अडकतो, सुटतो. त्यातून आवाजही निघतो आणि ठिपकेही पडतात. तुमची पाती कोरड्या भिंतीवर हेच करत नसतील?"

परशुरामने मान वर केली. "तेल... तेल वाढवलं की प्लगवर काजळी धरते. म्हणून मी थेंबाथेंबाने सोडतो."

"इंजिनाला आणखी एखादं कोरं घर आहे?"

"आहे."

"मुहूर्त टळतोय!" भगत ओरडला. त्याला पहिल्यांदाच घाई झाली होती.

परशुरामने इंजिन बंद करून कोरं, आरशासारखं घर बसवलं. बाईंनी लक्ष्मीला इंजिनापासून चार हात लांब उभं केलं, दोन्ही हात वर. इंजिन तेलाशिवाय सुरू झालं आणि थोड्या वेळात ती किंचाळी पुन्हा उठली. पाव तास. लक्ष्मीचे दंड भरून आले होते, डोळे मिटलेले, पण दहाही नखं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हवेत होती. आवडाबाई त्या बोटांकडे टक लावून बघत होती.

मग बाईंनी आवडाबाईच्या फडताळातलं एरंडेल आणवून भोकात ओतलं.

"यावर मंत्र?" मी विचारलं.

"यावर नुसतं झाकण होतं."

किंचाळी थांबली. घर थंड झाल्यावर उघडलं, तर भिंतभर ओरखडे. इंचाला आठ.

परशुरामने भगताची बाटली हुंगली. "हेही एरंडेलच."

"मंग? कालच नेलंन माज्याकडून, मंतरायला," आवडाबाई म्हणाली, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

गर्दीतून कुणीतरी हाक मारली, "अरे काळुराम, तू दहा वर्षं गिरणीत यंत्रांना तेल द्यायला होतास ना रे?"

म्हणजे त्याने ती किंचाळी पहिल्या दिवशीच ओळखली होती. कोरड्या लोखंडाचा आवाज ज्याने दहा वर्षं ऐकला, त्याने त्याच आवाजासाठी एका पोरीची नखं मागितली. पक्कड टाकून तो निघाला तेव्हा, ज्या लोकांना इंजिनाजवळ जायची भीती वाटत होती, त्यांनी मात्र जवळ जाऊन त्याची वाट अडवली आणि त्याला पोलिस पाटलाकडे नेलं.

परशुरामचं इंजिन त्या दिवशी सुधारलं नाही. तेल द्यावं तर काजळी, न द्यावं तर ओरखडे. तो पात्यांना दुसरा धातू शोधतो आहे. कदाचित सापडेल, कदाचित नाही. पण अडचण कुठे आहे हे त्याला कळलं, आणि ती बायकोच्या बोटांत नाही.

वाचकहो, भगत खोटं बोलला याचं मला नवल नाही. सत्तर माणसांत एकालाही मोजावंसं वाटलं नाही आणि त्या सत्तरांत मी होतो, याची मला अजून भीती वाटते. भीती वाटली म्हणून लाजू नका. मास्तरीणबाईंनाही वाटली होती. पण तुमच्यापुढे चमत्कार झाला, तर तोच प्रयोग मंत्र वगळून करून बघा. आणि त्या चमत्कारासाठी कुणाच्या अंगाला हात लागणार असेल, तर लगेच करा. बाई त्या दिवशी घटकाभर उशिरा आल्या असत्या, तरी प्रयोग असाच यशस्वी झाला असता. पण लक्ष्मीला त्याचा काही उपयोग झाला नसता.