माझा लेप निघाला नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. अंगावर पांढुरका लेप आहे आणि मनात एका माणसाबद्दलचा राग. तो मी लपवणार नाही.

माझ्या लेपावर ऊन पडलं की पाण्यातला रंग तुटत तुटत नाहीसा होतो. मला घडवणारी ताई प्रयोगशाळेत असे लेप तयार करायची. माझ्या आधीच्या काचांचा लेप वाहत्या पाण्यात पावडरीसारखा धुऊन जाई. ताई हिरमुसायची, पण हटायची नाही. शेवटी तिने माझं अंग खरवडून घेतलं, लेपाचे पातळ थर दिले आणि प्रत्येक थर भट्टीत सावकाश भाजला. मग नखाने ओरबाडून पाहिलं. लेप हलला नाही. त्या दिवशी ती एकटीच हसली.

तिच्या सख्ख्या मामांचा कापड रंगवण्याचा कारखाना होता. मामांनी भाचीचं तोंडभरून कौतुक केलं आणि आम्हा काचांना सांडपाण्याच्या उघड्या हौदात बसवलं. निळंजांभळं पाणी आमच्यावरून नितळ होऊन नदीला मिळे. पाहुणे आले की मामा आधी हौद दाखवत.

काचांवर साबणाचा मेणचट थर साचतो, तो सौम्य आम्लाने धूत जा, असं ताईने बजावलं होतं. काही वर्षं धुतलं. मग धुणारा माणूस मामांनी दुसऱ्या कामाला लावला. आमच्यावर राप चढला, ऊन आत शिरेना आणि हौदातलं पाणी सगळ्यांदेखत निळंच राहू लागलं. मामांनी काय करावं? भिंतीमागून चोरटा नळ टाकला आणि रंगीत पाणी थेट नदीत सोडलं.

खालच्या वस्तीत बायकांच्या घागरीत निळं पाणी आलं, तेव्हा बोभाटा झाला. मामांनी हात झटकले. भाचीच्या काचांचा लेपच निघून गेला, असं त्यांनी जगाला सांगितलं. ताईचं काम बंद पडलं. तिची आईसुद्धा तिला म्हणाली, की माझ्या भावाचं नाव घालवलंस.

मी वाळल्या गाळात धुमसत होते. पण काचेला हात कुठले? एवढंच ठरवलं, की लेप सोडायचा नाही.

तपासणीला अधिकारी बाई आल्या, तेव्हा ताईही आली. हौदात उतरून तिने मला काढलं, आम्लाने धुतलं. अंगणात दोन परातींत सारखंच निळं पाणी घेतलं. एकीत मी, दुसरीत साधी काच. ऊन तापलं आणि मी त्या रंगावर तुटून पडले. मामा खुर्चीत बसून पाय हलवत होते. दुपार कलताना माझ्या परातीचा तळ लख्ख दिसू लागला. दुसरी निळी ती निळीच. मामांचा पाय थांबला.

"काच चालते. मग नदीत रंग कुठून गेला?" बाईंनी विचारलं.

मामा ताईजवळ सरकले. "अगं, घरातली गोष्ट आहे. आईकडे बघून तरी गप्प बस."

"मामा, त्या घागरीही कुणाच्या तरी घरातल्याच होत्या," ताई म्हणाली. मग बाईंकडे वळली. "हौदात पाणी येण्याचं तोंड कोरडं आहे, म्हणजे पाणी आधीच दुसरीकडे वळवलंय. त्यामागची भिंत उकरा."

भिंत उकरली. नळ सापडला. कारखान्याला कुलूप लागलं, आणि मामा मान खाली घालून फाटकाबाहेर गेले. मित्रांनो, मला मुळीच वाईट वाटलं नाही.

तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूंना धुवा, पुसा, जपा. ते जमलं नाही, तर निदान आपलं पाप त्यांच्या माथी मारू नका. हल्ली मी दुसरीकडे कामाला आहे. तिथे मला धुऊन उन्हात उभी करतात. कधी मामा रस्त्याने जाताना दिसतात. मग मी उन्हाची तिरीप थेट त्यांच्या डोळ्यांवर मारते.