हद्दीवरचा पाईन

मी एक पाईन बोलतोय. मरून बरीच वर्षं झाली, पण अजून उभा आहे. साल सगळी गळून गेली, अंग राखाडी झालं, कुणी बुंध्यावर काठी मारली तर टणटण वाजतो. आमच्या उत्तरेकडच्या कायनू प्रांतातल्या रानात याचं कुणाला नवल वाटत नाही. थंडी इतकी की लाकूड कुजायचं म्हटलं तरी त्याला फार वेळ लागतो.

माझा जन्म वणव्यानंतरचा. आग लागली की रानाचा सत्यानाश झाला असं माणसं म्हणतात, आणि आगीच्या दिवसापुरतं ते खरंही असतं. पण इथे जमिनीवर शेवाळाची जाडजूड गादी साचते. बी पडलं की त्या गादीतच कुजून जातं, मातीपर्यंत पोचत नाही. आगीनं ती गादी जाळली आणि आम्ही दाटीवाटीनं वर आलो. बरीचशी भावंडं सावलीत गुदमरून गेली. मला उजेड मिळाला. पुढे आणखी एक वणवा माझ्या पायाशी येऊन गेला. त्यानं दिलेली जखम मी डिंक ओतून ओतून बुजवत राहिलो, पण तिचा व्रण शेवटपर्यंत राहिलाच.

मला पहिल्यांदा 'माझा' म्हणाला तो अन्सेल्मी. टेकडीखालच्या लाल घराचा मालक. हिवाळ्यात तो घोडा घेऊन रानात यायचा, कुऱ्हाडीची पाठ बुंध्यावर मारायचा आणि कान देऊन उभा राहायचा. मग वर बघायचा. एक झाड तोडायचं ते आजूबाजूच्यांना मोकळं वाटेल असं बघून तोडायचं, ही त्याची रीत. माझ्यापाशी तो बरेचदा थांबला, कुऱ्हाडही उचलली, आणि दर वेळी काहीतरी मनाशी पुटपुटत पुढे गेला. का ते मला कळलं नाही. कदाचित माझ्या बुंध्याला टेकून तंबाखू ओढायला बरं वाटत असेल.

त्याला दोन मुलं. थोरला ओइवा, धाकटी साइमी. दोघं बापाची दोन मुठींची लांब करवत घेऊन यायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. भांडण ठरलेलं. साइमी म्हणायची, "तू ढकलतोस." ओइवा म्हणायचा, "तू लोंबकळतेस." बाप लांबूनच ओरडायचा, "दोघांनी फक्त ओढा. ढकलायचं काम करवतीचं नाही." तरी संध्याकाळपर्यंत लाकूड कापून व्हायचं.

अन्सेल्मी गेला आणि रानाची वाटणी झाली. मोजणीदारानं दोरी धरली ती नेमकी माझ्यावरून गेली. माझ्या कमरेला त्यानं लाल रंगाचा पट्टा ओढला. उत्तरेकडचं रान ओइवाचं, दक्षिणेकडचं साइमीचं, आणि मी दोघांचा, म्हणजे कुणाचाच नाही.

त्या काळी जंगलखात्याचा सल्लागार गावोगाव फिरून सांगत होता की अशी निवडून निवडून तोड केली तर चांगली झाडं जातात आणि मरतुकडी उरतात; त्यापेक्षा एकदा सगळं साफ करा, जमीन नांगरा आणि नव्यानं लावा. माणूस सरळ होता, मनापासून बोलायचा. ओइवाला ते पटलं. साइमीला नाही.

"बाबांनी असं कधी केलं नसतं," ती म्हणाली. माझ्याच सावलीत दोघं उभी होती.

"बाबांनी ट्रॅक्टरही कधी घेतला नसता. म्हणून आपण घोड्यालाच मिठी मारून बसायचं का?"

"तू तुझी बाजू उघडी केलीस की वारा थेट माझ्या झाडांवर येईल. माझ्याकडे स्प्रूस जास्त आहेत. त्यांची मुळं वरच्या वर पसरलेली असतात."

"वारा तुझ्या कानात सांगून गेला वाटतं?"

"चेष्टा कर. तुला काय."

ओइवा म्हणत होता ते अगदीच खोटं नव्हतं. इतकी वर्षं माझं बी त्या शेवाळात वाया जातच होतं. पण साइमी म्हणाली त्यातही काही चुकीचं नव्हतं. हद्दीवर उभं राहिलं की दोन्हीकडचं ऐकू येतं, आणि मग कुणाची बाजू घ्यावी हे उमगत नाही.

ओइवानं तोड केली. माझ्या उत्तरेची सावली एका हिवाळ्यात नाहीशी झाली. इतकं मोठं आकाश मी पूर्वी पाहिलं नव्हतं. वसंतात नांगर आला, काळी ओली माती वर आली, आणि ओइवा कंबरेला पिशवी बांधून एकटाच रोपं लावत सुटला. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो लोभाचा नव्हता. लहान बाळाच्या खोलीत माणूस दबकत चालतो ना, तसा तो सरींमधून चालायचा.

मग ते वादळ आलं. शरद संपत आला होता, जमीन अजून गोठली नव्हती, पाण्यानं फुगली होती. वारा ओइवाच्या उघड्या जमिनीवरून धावत आला आणि साइमीच्या स्प्रूसना जाऊन भिडला. एकामागून एक झाडं मुळांसकट उलटत गेली. मुळांची चाकं मातीसकट उभी राहिली, घराच्या भिंतींएवढी. माझ्या दक्षिणेला लागून उलटलेल्या एका स्प्रूसनं आपल्या मुळांबरोबर माझीही त्या बाजूची मुळं उचलून तोडली, आणि मी वाऱ्याच्या उलट, उत्तरेकडे झुकलो तो तसाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी दोघं हद्दीवर आली. साइमीनं पडलेली झाडं बघितली. भावाकडे बघितलं. 'मी सांगितलं होतं' हे शब्द तिच्या तोंडाशी आलेले मला दिसले, पण ती काही न बोलता वळून घरी गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. ओइवा बराच वेळ टोपी हातात धरून उभा राहिला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चर्चमध्येही तो डाव्या बाकांवर आणि ती उजव्या, असं मी पुढे हेल्काच्या तोंडून ऐकलं. हेल्का ही ओइवाची मुलगी. ती तेव्हा शाळेत जायची आणि दोन्ही घरी जेवायची.

पडलेला स्प्रूस उन्हाळ्यापर्यंत रानात राहिला तर त्याच्या सालीत किडे माजतात आणि मग उभ्या झाडांवर जातात. साइमीला हे पक्कं ठाऊक होतं. पण त्या हिवाळ्यात ती विहिरीपाशी बर्फावर घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. हात प्लास्टरमध्ये. मदत मागायला जायचं तर भावाखेरीज जवळ कुणी नव्हतं, आणि तिकडे जाण्यापेक्षा तिला किडे परवडले असते.

एका रविवारी ओइवा इंजिनाची करवत घेऊन आला. साइमी चर्चला गेली असेल असा त्याचा हिशेब. हद्द ओलांडताना त्यानं माझ्या लाल पट्ट्यावर हात ठेवला, जणू परवानगी मागतोय. मग कामाला लागला. वादळात पडलेली झाडं एकमेकांत अडकलेली असतात, कुणाचा भार कुणावर आहे ते पटकन कळत नाही. ओइवाला कळायचं. पण त्या दिवशी त्याला घाई होती. बहीण यायच्या आत काम उरकायचं होतं. त्यानं खालचं झाड कापलं आणि त्याच्यावर रेललेला स्प्रूस घसरून त्याच्या नडगीवर येऊन बसला. करवत उडून लांब पडली, थोडा वेळ घुरघुरली आणि बंद झाली.

साइमी चर्चला गेलीच नव्हती. प्लास्टर घालून लोकांच्या चौकश्या ऐकायला तिला नको वाटत होतं. करवतीचा आवाज ऐकून तिला वाटलं, कुणी लाकूड चोरतोय. ती तावातावानं आली आणि भावाला तशा अवस्थेत बघून जागीच थबकली.

"रविवारी काम करतोस," ती म्हणाली.

"हो. देवानं लगेच हिशेब चुकता केलाय. पाय अडकलाय गं."

"हलतोय का?"

"अंगठा हलतोय असं वाटतंय. नक्की सांगता येत नाही."

तिनं एका हातानं इंजिनाची दोरी ओढून पाहिली. एकदा, दोनदा. करवत तिला दाद देईना. मग ती घराकडे पळाली. परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर अन्सेल्मीची दोन मुठींची करवत होती.

ओइवा पाठीवर पडल्या पडल्या हसला, आणि हसताना कळवळला. "ती अजून आहे तुझ्याकडे?"

"घासून ठेवलीय. तुझ्यासारखं जुनं ते सगळं फेकून दिलं नाही. उठून बसता येतंय?"

"अर्धवट."

"अर्धवट पुरे. धर ही मूठ."

ती बुंध्याच्या पलीकडे गुडघ्यावर बसली, धडक्या डाव्या हातानं मूठ धरली. तो अलीकडे, कोपरावर रेलून.

"कापलं की मुळांकडचा बुंधा वर उठेल," ओइवा म्हणाला. "मुळं परत खड्ड्यात बसतील. तू त्या बाजूला जाऊ नकोस."

"मला माहीत आहे. तू पाय तेवढा वेळेत काढ."

करवत चालू झाली. सुरुवातीला अडखळली.

"ढकलू नकोस," साइमी म्हणाली.

"तू लोंबकळू नकोस."

मग करवतीला लय सापडली. ओला भुसा बर्फावर पडत होता. मध्ये एकदा ओइवाला घेरी आली तेव्हा ती नुसती थांबली, त्याच्या नावानं हाक मारत राहिली, त्यानं डोळे उघडल्यावर पुन्हा ओढायला लागली. शेवटी लाकूड मोठ्यानं कडकडलं. मुळांचं ते प्रचंड चाक डुलत डुलत आपल्या खड्ड्यात बसलं आणि बुंध्याचा तुकडा ओइवाच्या पायावरून वर उचलला गेला. त्यानं अंग मागे फेकलं.

 मग ओइवा म्हणाला, "मी विचारून यायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं."

"म्हणूनच विचारलं नाही."

ती रडत होती. डाव्या हातानं डोळे पुसत होती आणि भुसा डोळ्यांत जात होता.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. इस्पितळातून आल्यावर ओइवा वसंत येईपर्यंत साइमीकडेच राहिला, कारण त्याच्या घराला पायऱ्या फार होत्या आणि तिच्या घरी भाकरी चांगली होती. स्प्रूस गावच्या लोकांनी बाहेर काढले. साइमीच्या सांगण्यावरून वादळात पडलेले दोनचार पाईन मात्र तिथेच ठेवले. त्यांतला किडा स्प्रूसला त्रास देत नाही, असं ती म्हणायची. ओइवाला ते बघवायचं नाही. "तुझं रान म्हणजे न आवरलेलं अंथरूण," तो म्हणायचा. "आणि तुझं म्हणजे शाळेतली प्रार्थनेची रांग," ती म्हणायची.

त्याची रांगही तशी राहिली नाही. काही रोपं मूस हरणांनी खाल्ली, काही थंडीनं जाळली. रिकाम्या जागी माझं बी पडत होतं, आणि नांगरलेल्या मातीनं ते धरलं. ओइवानं ते बघितलं, लंगडत लंगडत एकेका रोपाशी वाकला, पण उपटलं एकही नाही. त्याच्या आणि माझ्या लेकरांत आज कुणी फरक करून दाखवावा. दोन्ही बाजूंनी हद्दीलगत मग एक पट्टा राखला गेला. तो कधीच साफ करायचा नाही. त्याबद्दल लेखी काही झालं नाही. कॉफी पिता पिता ठरलं आणि पाळलं गेलं.

त्यांच्या वाढत्या वयाबरोबर मी मरत गेलो. आमच्यात मरण हे एका दिवसाचं काम नसतं. आधी शेंडा सुकला, मग एकेक फांदी. काळ्या सुतारपक्ष्यानं माझ्या छातीत खोली कोरली. तो गेल्यावर तिथे घुबड राहिलं. शेवटी आतला रस वाहायचा थांबला, आणि मजा म्हणजे घरात वर्दळ तेव्हाच वाढली. किडे, कोळी, बुरशी, रानखारी. जिवंतपणी माझ्याकडे इतके पाहुणे कधी नव्हते.

साइमी गेली. तिचा वाटा हेल्काकडे आला. गेल्या शरदात एक गृहस्थ आले. शहरातल्या लोकांना सुट्टीची लाकडी घरं बांधून देतात, आणि त्यासाठी त्यांना माझ्यासारखी उभी वाळलेली राखाडी झाडं हवी असतात. माणूस गोड बोलणारा. माझ्यावर हात फिरवून म्हणाला, "असं लाकूड आता मिळत नाही हो. इथे नुसतं वाया चाललंय."

हेल्कानं बापाला आणलं होतं. ओइवा आता काठी घेऊन चालतो, कानाला कमी ऐकू येतं. तिनं त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, काय करू? आत्या असती तर काय म्हणाली असती?"

"आत्या असती तर तू विचारलंच नसतंस. रान तुझं आहे. तू सांग."

हेल्का थोडा वेळ वर बघत राहिली. मग त्या गृहस्थाला म्हणाली, "नाही देत. घरी चला, कॉफी घेऊन जा." तो हसला, रागावला नाही, गाडीकडे निघाला.

ओइवा माझ्यापाशी थांबला. माझा कल त्यानं नीट न्याहाळला. मी त्याच्या बाजूला झुकलोय, खाली त्याचे दाट, सरळ पाईन आहेत. आयुष्य घालून वाढवलेले.

"हा पडला तर तुमच्याच झाडांवर पडेल, बाबा," हेल्का म्हणाली. "पाचसहा तरी मोडतील."

"मोडतील."

"मग आधीच सावकाश उतरवून घ्यायचा का?"

ओइवानं मान हलवली. "पडू दे," तो म्हणाला. "दाटी फार झालीय. तेवढाच उजेड येईल."

तर आता मी तेवढीच वाट बघतोय. कधी ते सांगता येत नाही, वारा ठरवेल. तुम्हाला एकच विनवणी. मी आडवा झालो की मला उचलू नका. तसाच असू द्या, माझ्यावर शेवाळ चढू द्या. मला अजून बरंच काही व्हायचं आहे.