तीन आत, दोन बाहेर

एल्सपेथ टेलफरला कावळ्यांचा इतका संताप आला होता की एकोणसाठाव्या वर्षी तिनं बंदुकीचा परवाना काढला. जवळच्या हॉविक गावचा पोलीस घरी आला, बंदुकीचं कपाट तपासलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि विचारलं, "बाई, या वयात बंदूक कशाला?"

"कावळ्यांना," ती म्हणाली. पोलीस हसला. ती हसली नाही.

हसण्यासारखं काही नव्हतंच. विण्याच्या आधी डोंगरावरची मेंढी अंगानं अशी भरते, की खळग्यात लोळली तर उताणीच राहते. चार पाय आभाळाकडे, आणि उठायचं नाव नाही. माणूस वेळेवर आला तर तिला कुशीवर ढकलून उभी करायला मिनिटभर लागतं. माणूस आला नाही तर कावळे येतात. आधी डोळे, मग जीभ, आणि हे सगळं ती जिवंत असताना. गेल्या एप्रिलमध्ये अशा नऊ मेंढ्या गेल्या होत्या.

मेंढ्या बघायचा तो तिचा धाकटा भाऊ आर्ची. डोंगर आणि कळप दोघांच्या नावावर होता, पण एल्सपेथनं जन्म काढला तो हॉविकच्या इस्पितळात, धुलाईच्या कपड्यांची गाडी चालवण्यात. निवृत्त होऊन ती घरी परतली त्याच आठवड्यात आर्चीनं जेवणाच्या टेबलावर डोंगर विकायचे कागद ठेवले. एका कंपनीला डोंगरभर लाकडासाठी झाडं लावायची होती.

"कावळ्यांनी हरवलं आपल्याला, एल्सी," तो म्हणाला. "रोज पहाटे पाचला फेरी मारतो मी, एक दिवस चुकवत नाही. तरी हे असं. सही कर आणि सुटू या."

"एक हंगाम थांब," ती म्हणाली. "कावळ्यांचं मी बघते. या खेपेलाही असंच झालं तर करते सही."

आर्चीनं खांदे उडवले आणि कागद घड्याळामागे खोचून ठेवले.

शिकवायला वॉट एलियट मिळाला. ऐंशी वर्षांचा, आयुष्यभर जमीनदाराच्या शिकारीची राखण केलेला, आणि फाटक्या तोंडाचा. मार्चभर त्यानं तिला आपल्या शेतात बसवलं. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या कावळ्यांचा थवा समोर मांडायचा, जाळीच्या आडोशात बसायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि हलायचं नाही. पहिल्या दिवशी तिनं एकच कावळा पाडला, तोही प्लास्टिकचा.

"छान!" वॉट म्हणाला. "बारा पौंडांना सहा मिळतात. अजून पाच आहेत, होऊ दे."

"तुम्ही धक्का दिलात मला."

"मी श्वास घेतला, पोरी. या वयात तेवढा घेतो मी अधूनमधून."

दुसरी चूक ती रागानं करायची. कावळा दिसला की लगेच उठायची. "तू भांडायला निघतेस," वॉट करवादायचा. "भांडायचं नाही, बसायचं. पस्तीस पावलांच्या आत येईपर्यंत तू दगड आहेस. दगडाला राग येतो का?"

"या दगडाला येतो," एल्सपेथ म्हणाली.

एप्रिल लागला आणि पहिल्याच आठवड्यात तीन मेंढ्या गेल्या. आर्ची रोज फेरीवरून यायचा, बूट काढायचा आणि तिच्याकडे न बघता म्हणायचा, "अजून एक. डोळे नाहीत." एल्सपेथचं डोकं उठायचं. तिनं वॉटला बोलावलं आणि वरच्या कुरणात, जुन्या दगडी भिंतीला टेकून आडोसा बांधला.

पहिल्या पहाटे दोघं आत शिरले आणि थोड्या वेळानं वॉट एकटा बाहेर पडून निघून गेला. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. दुसऱ्या पहाटे तेच. दोन्ही दिवशी आर्ची पाचच्या ठोक्याला आपल्या चार चाकी मोटारसायकलवरून, क्वाडवरून, आला, कुरणाची पूर्ण चक्कर मारली, आडोशाकडे हात केला आणि गेला. मेंढ्या सगळ्या उभ्या होत्या. कावळा मात्र एकही उतरला नाही.

"मोजतात ते," वॉट म्हणाला. "दोन गेले, एक आला, म्हणजे एक आत आहे. एवढं त्यांना कळतं. तीन जाऊन दोन आले की मात्र गोंधळतात. उद्या नेटीला आणतो."

नेटी म्हणजे त्याची बायको. ती आली ती कुरकुरतच. "पन्नास वर्षं याचा संसार केला, आता कावळ्यांसमोर नाटक पण करू?" वॉटनं तिला एल्सपेथचा रोजचा पिवळा रेनकोट चढवायला लावला, कारण बाईच्या अंगात पिवळं बघायची कावळ्यांना सवय झाली होती. तिघं आत शिरले. पाच मिनिटांनी वॉट आणि पिवळा रेनकोट उतारावरून खाली गेले, घरासमोरून वळले आणि गाडीत बसून निघून गेले.

एल्सपेथ दगड होऊन बसली. पाच वाजले. क्वाडचा आवाज नाही. सव्वापाचला उजाडू लागलं तेव्हा तिला ऐंशी पावलांवर, खळग्यात, चार पाय दिसले. हवेत सायकल चालवल्यासारखे हलत होते. ती उठणार इतक्यात खालून क्वाडची घरघर ऐकू आली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. आला आर्ची. आता उठायला नको, तो बघेल.

आर्ची कुरणाच्या फाटकाशी थांबला. इंजिन बंद केलं. दुर्बीण डोळ्यांना लावली आणि कुरणावरून हळूहळू फिरवली. खळग्यापाशी दुर्बीण थांबली. बराच वेळ तिथंच राहिली. मग त्यानं ती खाली घेतली, थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतला.

एल्सपेथला वाटलं, चहा पिऊन जाईल. त्यानं एक झाकण संपवलं आणि दुसरं भरलं. झाडावरचा पहिला कावळा उतरला, मग आणखी दोन. ते घाईत नव्हते. खळग्याच्या कडेनं चालत मेंढीच्या डोक्याकडे सरकत होते. आर्ची बघत होता. एल्सपेथची बंदूक कधीच खांद्याला लागली होती. नळी पुढच्या कावळ्याबरोबर सरकत सरकत गेली, आणि कावळा थांबला तेव्हा त्याच्या मागे, त्याच रेषेत, फाटक होतं आणि फाटकाशी तिचा भाऊ होता.

तिनं नळी खाली केली. बंदूक मधून उघडून दोन्ही काडतुसं काढली आणि खिशात टाकली. मग ती जाळी फाडूनच बाहेर पडली.

कावळे उडाले. आर्चीच्या हातातून झाकण पडलं.

"तू... तू वॉटबरोबर गेलीस ना? मी पाहिलं तुला!"

"हरामखोरा!" ती धावत होती, उघडी बंदूक काखेत आपटत होती. "कावळ्यांना मोजता येतं आणि तुला येत नाही! इकडे ये! चालत नको, पळत ये!"

तो पळत आला. दोघांनी मेंढीला कुशीवर ढकललं आणि उभी केली. तिचे पाय मुडपून पुन्हा कोसळायला लागले. डोळे दोन्ही शाबूत होते.

"धर तिला. पायांत जीव येईपर्यंत सोडायचं नाही."

आर्चीनं मेंढीच्या पोटाखाली हात घातले आणि मान खाली घालून उभा राहिला.

"किती?" एल्सपेथनं विचारलं. "त्या बारांतल्या किती तू अशा चहा पीत बघितल्यास?"

"सगळ्या नाही."

"किती म्हणते मी!"

"पाच. सहा." तो म्हणाला. "पहिली खरंच उशिरा सापडली होती. मी झोपलो होतो त्या दिवशी. मग मला वाटलं, गेल्या तर जाऊ देत, म्हणजे तू सही करशील. मी थकलोय, एल्सी. सोळाव्या वर्षापासून हा डोंगर चढतोय."

"मग तोंड नव्हतं तुला? 'थकलोय, ये' म्हणाला असतास तर आले नसते मी?"

आर्चीनं पहिल्यांदाच मान वर केली. आता तोही चिडला होता, आणि बऱ्याच वर्षांचं चिडणं होतं ते. "दर वर्षी म्हणालो! दर एप्रिलला फोन केला! तू काय म्हणायचीस आठव. 'मे महिन्यात येते, आर्ची. तेव्हा कोकरं काय गोड दिसतात.'"

एल्सपेथ काहीतरी सणसणीत बोलणार होती. पण मे महिन्यातल्या उड्या मारणाऱ्या कोकरांचे फोटो तिच्या फ्रिजवर वर्षानुवर्षं लावलेले होते. तिला आर्चीचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि स्वतःचा आला याबद्दल पुन्हा आर्चीचाच आला.

"म्हणून डोळे काढू दिलेस?" ती शेवटी म्हणाली. "माझ्यावरचा राग यांच्यावर?"

मेंढीनं त्याच्या हातांत एक झटका दिला, दोन पावलं टाकली, अडखळली, आणि मग न पडता चरायला निघून गेली.

"चावी दे," एल्सपेथ म्हणाली.

"तुला क्वाड चालवता येत नाही."

"पस्तीस वर्षं गाडी चालवलीय मी. चावी दे आणि घरी जाऊन झोप."

"आणि ते कागद?"

"माझ्यासमोर त्या कागदांचं नाव काढू नकोस. मला आत्ता तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही."

आर्चीनं चावी दिली. तिनं क्वाड चालू केली, चुकून मागे घेतली, फाटकावर आपटली, एक शिवी हासडली आणि चढाला लावली. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दीडशे गाभण मेंढ्या होत्या, आणि आज सकाळपासून त्यांच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं.