मावशीची गादी

मावशी बहिरी झाली, असं डॉक्टरीणबाईंनी सोमवारी जाहीर केलं आणि माझं डोकंच फिरलं. मावशी म्हणजे आमच्या संशोधन केंद्राच्या हौदातली डॉल्फिन. अठरा वर्षं तिला मासे मीच भरवतो. डब्याचं झाकण वाजलं की पार पलीकडच्या टोकाकडून हजर होणारी बया बहिरी कशी?

पण परीक्षेत ती नापास होत होती, हेही खरं. परीक्षा सोपी. तिच्या डोळ्यांवर रबरी झाकणं लावायची, हनुवटी टेकणीवर ठेवायला लावायची, मग पाण्यातल्या दोन कर्ण्यांपैकी एकातून आवाज सोडायचा. आवाज डावीकडचा असेल तर तिने डावा चेंडू ढकलायचा, उजवीकडचा असेल तर उजवा. एवढी वर्षं ती चुकत नव्हती. गेले दोन आठवडे मात्र सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

"काका, शुक्रवारी शेवटची फेरी," बाई म्हणाल्या. "नाही जमलं तर तिला दुसऱ्या केंद्रात पाठवतील. माझ्या हातात काही नाही."

मी कर्णे तपासले, तारा तपासल्या. तिच्या कानांची भोकंही पाहिली. डोळ्यांमागे टाचणीच्या टोकाएवढी असतात, ती स्वच्छ होती. शेवटी स्वतःच बुडी मारली आणि बाईंना आवाज सोडायला लावला. काय सांगू! आवाज ना डावीकडून आला, ना उजवीकडून. थेट टाळूत वाजला. वर आलो तो आणखीच बुचकळ्यात पडून.

"पाण्यात आवाज फार जोरात पळतो," बाई म्हणाल्या. "आपल्या दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच पोचतो. माणसाला दिशा कळतच नाही. तिला कळायला हवी."

म्हणजे मला न कळणं बरोबर आणि तिला न कळणं चूक. मला काहीच उलगडेना.

शुक्रवारी मावशीने पुन्हा तेच सुरू केलं. आवाज सुटायच्या बेतात आला की हनुवटी उचलायची. उचलली की फेरी बाद, असा नियम. म्हणून मी गेले दोन आठवडे करत होतो तशीच ती हाताने दाबून खाली टेकवली. "मावशे, अंत पाहू नकोस गं!" चूक. पुन्हा उचलली, पुन्हा दाबली. पुन्हा चूक.

बाई वही मिटून हौदाच्या काठाशी वाकल्या. "टेकणीवर हे काय लावलंय?"

"गादी. तिची हनुवटी सोलत होती, म्हणून मीच शिवली. जाड फोमची, दोन्ही गालांपर्यंत चढेल अशी. कानांची भोकं मोकळी ठेवलीयत हं!"

"कधी लावलीत?"

"झाले असतील दोन... दोनच आठवडे."

"अहो काका, ती भोकं नावापुरती! ती जबड्याने ऐकते. खालच्या जबड्यातल्या चरबीतून आवाज आतल्या कानात जातो, डावीकडचा डाव्या, उजवीकडचा उजव्या. फोममध्ये हवा असते, आवाज तिथेच अडतो."

मी गादी ओरबाडून काढली. कर्णा वाजला. या वेळी मावशीने हनुवटी उचलली नाही. तिने सरळ जाऊन डावा चेंडू ढकलला. मग उजवा. मग परत उजवा. बाई हसत हसत वहीत बरोबरच्या खुणा करत होत्या.

मला हसू येईना. दोन आठवडे ती माझ्या हाताखालून तोंड सोडवायला बघत होती. आणि मी तिचे कान दाबून धरून तिलाच विचारत होतो, ऐकू येत नाही का गं तुला?