अम्मियाने हात शेकले नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे आणि बसून बसून थकले आहे. मला घासूनपुसून प्रार्थनामंदिरात उंच चौथऱ्यावर ठेवले आहे. लोक येतात, मला ओठ लावतात, डोळे पुसतात आणि जातात. माझ्या पोटात निखारा पडून किती हिवाळे गेले, ते आता माझ्याही लक्षात नाही.

माझा जन्म काही पवित्र नव्हे. मी लोखंडाची, तीन पायांची, त्यात एक पाय आखूड. लोहार मापाला कच्चा आणि दारूला पक्का होता. पण रोमच्या राज्यातल्या फ्रिगिया प्रांतात, डोंगरावरचे आमचे गाव थंडीत असे गोठते की वाकडी शेगडीही खपते. लोकर पिंजून पोट भरणाऱ्या अम्मिया नावाच्या विधवेने मला घेतले. आखूड पायाखाली तिने एक चपटा दगड सरकवला आणि मी नीट उभी राहिले.

येशूला मानणारी मंडळी तिच्याच घरी जमत. गुलाम, हमाल, विधवा आणि एकदोन पैसेवाले. प्रार्थना होई, भाकरी मोडली जाई, मग माझ्यावरची मसुराची आमटी सगळ्यांना एकाच डावाने वाढली जाई. बाहेरून आलेला माणूस आधी माझ्यावर हात शेके. गुलामाचा हात आणि मालकाचा हात शेजारी शेजारी असत. मला त्यांत कधी फरक कळला नाही. ते माझे सुखाचे दिवस.

मग सम्राटाचा हुकूम आला. प्रत्येकाने चौकात येऊन देवांच्या आणि सम्राटाच्या नावाने चिमूटभर धूप आगीत टाकायचा. नाही टाकला तर मरेपर्यंत तुरुंग. शिपायांनी अम्मियाचे घर उचकटले, तिला तुरुंगात टाकले आणि मला उचलले. चौकात आगीला भांडे हवेच होते. त्यांनी मलाच तिथे मांडले.

माझ्यावर हात शेकणारेच एकेक करून पुढे आले आणि माझ्यातच धूप टाकून गेले. अम्मियाचा धाकटा भाऊ पापास आला. त्याच्या हातून धूप खाली सांडला. त्याने तो मातीतून वेचला आणि पुन्हा टाकला. मी त्याला नावे ठेवणार नाही. घरी लहान लेकरे होती, तो भ्याला. मंडळींतला श्रीमंत औक्सानोन मात्र हुकूम येण्याच्या आधीच मेंढरे घेऊन डोंगरापलीकडच्या शेतावर निघून गेला होता. त्याला कुणी भित्रा म्हटले नाही. त्याच्याकडे पळायला शेत होते.

एका सकाळी बर्फ पडत असताना अम्मियाला आणले. तुरुंगाला छप्पर अर्धेच होते. तिचे हात निळे पडले होते. मी डुगडुगत उभी होते. तिने आधी माझ्याकडे पाहिले.

"अरे, डाव्या पायाखाली चपटा दगड घाला. निखारे सांडून कुणाचा तरी पाय भाजेल."

दवंडी पिटणारा मानेस खो खो हसला. "ए म्हातारे, तुला मरायला आणलंय की चूल मांडायला?"

"दोन्ही येतं मला. आधी दगड घाल."

गावाचा अधिकारी ट्रोफिमस तिचा शेजारी होता. लहानपणी तिच्याच हातची आमटी ओरपून मोठा झालेला. तो आपल्या आसनावरून खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "काकू, धूप राहू दे. तू नुसते हात पुढे कर. शेकून घे. थंडी आहे, कोण काय म्हणतंय? मी तेवढ्यावर सोडून देतो."

"आणि मानेस काय ओरडेल?"

"ओरडेल की अम्मियानं मानलं."

"म्हणजे खोटंच."

"खोटं माझ्या माथी, काकू!"

"माथं तुझं, पण हात माझे ना रे बाबा."

"शेगडी तुझी, हात तुझे, मग अडतंय कुठं?"

अम्मिया हसली. तिचे दात वाजत होते. "माझी असती तर केव्हाच शेकले असते. आज ती तुमची आहे. आज हिच्यावर ऊब घेतली, तर मी माझ्या प्रभूला ओळखत नाही असं होतं. ते नाही व्हायचं. ने मला परत."

मित्रांनो, मी शेगडी आहे. ऊब देणे एवढेच मला येते. माझे निखारे लाल होते, ती हातभर अंतरावर होती, आणि तिने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. शूरपणा म्हटले की तुम्हाला तलवार आठवते. मी तो थंडीने वाजणाऱ्या दातांत पाहिला आहे.

तिला पुन्हा तुरुंगात नेले. पुढे तो सम्राट लढाईत मेला, नव्या सम्राटाने हुकूम मागे घेतला आणि तुरुंग उघडले. अम्मिया बाहेर आली तेव्हा तिच्या हाताची दोन बोटे गळून गेली होती आणि उरलेली आकड्यासारखी वाकली होती. मी चौकात गंजत पडले होते. तिने मला घरी आणले.

औक्सानोनही शेतावरून परतला होता, चांगला गुटगुटीत होऊन. तो ओरडला, "त्या भांड्यात सैतानाचा धूप जळलाय. फोडून टाका ते!"

"राखेनं घासलं की जातो धूप," अम्मिया म्हणाली आणि घासायला बसली.

मंडळी पुन्हा जमू लागली. पण औक्सानोनने आणि इतर वडीलधाऱ्यांनी ठरवले की ज्यांनी धूप टाकला, त्यांनी पश्चात्ताप पुरा होईतो दाराबाहेर उभे राहायचे. आत प्रार्थना चाले, बाहेर बर्फात ती माणसे रडत. त्यांत पापास होता, डोक्यावरून घोंगडी ओढून. एके दिवशी अम्मिया उठली. तिला धरता येत नव्हते, म्हणून घोंगडीचे तुकडे दोन्ही हातांना गुंडाळून तिने मला कवेत घेतले.

औक्सानोन आडवा आला. "काकू, त्यांची शिक्षा संपलेली नाही!"

"शिक्षा चालू दे की. हात शेकायला कुठं बंदी आहे? आणि बाजूला हो, जड आहे ही. तू काही उचलणार नाहीस."

तिने मला बाहेर बर्फात ठेवले आणि पायाने चपटा दगड सरकवला. पापासने मान वर केली नाही.

"ताई, मी ह्याच्यातच टाकला गं."

"माहीत आहे. शेक हात."

त्याने हात पुढे केले. मग अम्मियाने आपले ते वाकडे, बोटे गळालेले हात घोंगडीच्या तुकड्यांतून सोडवले आणि त्याच्या हातांशेजारी माझ्यावर धरले. माझ्या आयुष्यात मी तेवढी कधी तापले नाही.

अम्मिया गेली. त्यानंतर मी पवित्र झाले आणि विझले. आज बाहेर पायरीवर एक बाई कुडकुडत बसली आहे. आत लोक माझ्या गार लोखंडाला ओठ लावत आहेत. मित्रांनो, मला घासू नका, ओवाळू नका. चार निखारे घाला आणि दाराबाहेर नेऊन ठेवा. दगड मात्र विसरू नका, डाव्या पायाखाली.