तपकिरी रेघ

मी नकाशा बोलतोय. कागदावरचा नव्हे, भिंतीवरचा. गुहागर तालुक्यातल्या खारकोंड गावच्या ग्रामपंचायतीत शिरलात की समोर जो हिरवा-निळा पसारा दिसतो, तो मी. मला तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही आणि तोंड लपवायलाही जागा नाही. भिंतीवरचा नकाशा जाणार कुठे? येणारा-जाणारा माझ्याकडे बघतो आणि मी निमूट बघू देतो.

माझा जन्म पाच वर्षांपूर्वीचा. तालुक्याहून पत्र आलं की प्रत्येक ग्रामपंचायतीने शिवारफेरी काढून गावाचा नकाशा दर्शनी भिंतीवर रंगवावा, मार्चअखेर रंगवावा आणि फोटो पाठवावा. कामाचा त्यातला फोटोच तेवढा असतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी ओली भिंत होतो आणि फार मोठ्या अपेक्षेने वाळत होतो.

मला रंगवलं महिपत पेंटरने. आंब्याच्या पेट्यांवर बागायतदारांची नावं घालणं, होड्यांवर चांद-तारे आणि डोळे काढणं, ही त्याची नेहमीची कामं. त्याने वर सडा, म्हणजे कातळाचं पठार काढलं, सड्यावर जांभ्याच्या चिरेखाणी काढल्या. उतारावर आंब्या-काजूच्या बागा, मग तीन वाड्या, मग भाताची खार जमीन, आणि सगळ्यात खाली खाडी. दर घराला एक लाल चौकोन. निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं मुंबईला नाहीतर कुवेत-दोह्याला. तरी महिपतने एकही चौकोन गाळला नाही. गणपतीला घरी आलेले चाकरमानी आधी माझ्यावर बोट ठेवून आपलं घर शोधतात आणि समाधानाने चहाला जातात. त्या बोटांनी माझे काही चौकोन पुसट झालेत. त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते एका रेघेचं.

खाडीत एक जुवं आहे. जुवं म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली लहानशी जमीन. त्याच्यावरची ती जुवेवाडी. चोवीस घरं, एक मशीद, माडांची आगरं. काठापासून जुव्यापर्यंत चिखलात जांभ्याचे चिरे टाकलेले आहेत, कुणाच्या तरी पणजोबांनी. ओहोटीला त्या चिऱ्यांवरून चप्पल न भिजवता जाता येतं. भरतीला त्याच चिऱ्यांवरून मासे जातात.

शिवारफेरीला तालुक्याचे लोक येणार होते, म्हणून जुवेवाडीच्या सुलेमानचाचांना वेळ विचारली. चाचा जन्मभर होडीवर तांडेल होते, पाण्याचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ. महिपत तिथी मोजतो, चाचा चांदाची तारीख मोजतात, आणि पाणी दोघांचंही ऐकतं. चाचांनी ओहोटीची वेळ दिली. मंडळी चिऱ्यांवरून गेली, फातिमाचाचींच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं खाऊन तशीच कोरडी परत आली.

आता रेघ रंगवायची वेळ आली. माझ्या एका कोपऱ्यात रंगांची सूची आहे. डांबरी रस्ता काळा, मातीचा रस्ता तपकिरी, पाणी निळं. दिवसातून दोनदा रस्ता आणि दोनदा पाणी, अशाला सूचीत रंग नव्हता.

"चाचा, हितं कुठला रंग देऊ?" महिपतने ब्रश वर धरून विचारलं.

चाचांच्या मुलाचं, उमेरचं लग्न जमवायचं चाललं होतं. त्याआधी दोन स्थळं जुव्याचं नाव ऐकूनच परत गेली होती. पाण्यात पोरगी कोण देणार?

"तपकिरीच दे," चाचा म्हणाले. "आमी रोज चालतावं त्याच्यावरनं. मंग रस्ता नाय तर काय?"

महिपतने हसून तपकिरी रेघ ओढली, चांगली दोन बोटं जाड. मीही फुशारलो. माझ्यावरची ती सगळ्यात सरळ रेघ होती. पुढे तस्नीमच्या घरची माणसं आली, त्यांना चाचांनी मुद्दाम ग्रामपंचायतीत आणून मला दाखवलं. त्या वर्षी तस्नीम सून होऊन जुव्यावर आली. मला वाटलं, आपण एक पुण्याचं काम केलं.

दोन वर्षांनी सरपंच मैनाताईंनी ग्रामसभेत ठराव मांडला की जुवेवाडीला साकव हवा. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल. सगळ्यांनी हात वर केले. ठराव तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला गेला, जिल्ह्याहून पुन्हा तालुक्याला आला. तीन पावसाळे असे गेले. शेवटी पत्र आलं, साहेब स्थळपाहणीला येतायत.

ग्रामसेवक गुरुप्रसाद यांनी चाचांना बोलावलं. "चाचा, साहेबांना कधी बोलावू?"

इथे जे झालं ते आमच्याकडचीच माणसं करू जाणोत. ज्याला पूल मागायचा, त्याने साहेबांना भर भरतीला काठावर उभं करायला हवं होतं. पण पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या लोकांना दुसरं काही सुचत नाही. चाचांनी बोटांवर चांद मोजला.

"चांदाच्या सहावीला बोलवा, भाऊसाहेब. साडेअकराला पानी पार उतरतं. सायबांची बुटं भिजाया नकोत."

मी भिंतीवरून ऐकत होतो. गुरुप्रसाद भल्या स्वभावाचे, पण घाटावरचे. त्यांनी तारीख डायरीत लिहिली. मैनाताईंनीही मान हलवली, कारण त्यांना नारळपाण्याची चिंता पडली होती. आणि मी? मला तर तोंडच नाही, असं म्हणून मी सुटू शकतो. पण खरं सांगतो, तेव्हा मला चुकीचं काही वाटलंच नाही. माझ्यावर रस्ता होता, साहेब रस्त्याने जाणार होते.

साहेब आले. आधी माझ्यासमोर उभे राहिले, चष्मा वर करून मला वाचलं, मोबाइलमध्ये माझा फोटो घेतला. मग काठावर गेले, चिऱ्यांवरून जुव्यावर गेले, दोन शहाळी प्यायले आणि कोरडे ठणठणीत परत आले. जाताना म्हणाले, "फार प्रेमळ लोक आहेत हो तुमच्याकडचे."

महिन्याने उत्तर आलं. गुरुप्रसादांनी ते मोठ्याने वाचलं. "सदर वाडीस पायवाट उपलब्ध असून ती स्थळपाहणीत कोरडी व वापरात आढळून आली. ग्रामपंचायतीच्या नकाशातही रस्ता दर्शविलेला आहे. सबब साकवाची आवश्यकता दिसून येत नाही." सोबत पुरावा म्हणून माझा फोटो जोडलेला. त्यात माझी तपकिरी रेघ झकास आली होती.

त्या दिवशी पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. जे गाव डोळ्यांसमोर ठेवून मला रंगवलं गेलं, त्याच गावाविरुद्ध मी साक्ष दिली होती.

पण ही लाज काहीच नव्हती. खरी पुढे होती.

गेल्या आषाढातली पौर्णिमा. पौर्णिमेला भर दुपारी बाराला भरती, त्यात उधाण, त्यात वरून पाऊस. अकराच्या सुमाराला सुलेमानचाचा ओटीवर वजूसाठी हातपाय धुता धुता एका अंगावर कोसळले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोळागोळा. तस्नीमने रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी आली, अगदी वेळेत आली. ड्रायव्हर नवा होता. तो धावत ग्रामपंचायतीत शिरला, माझ्याकडे बघितलं, जुवेवाडी शोधली आणि रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "हा काय रस्ता!" कुणी काही सांगेपर्यंत तो गाडी घेऊन गेलासुद्धा.

काठावर जाऊन त्याने विचारलं म्हणे, "रस्ता कुठाय?" समोर चिऱ्यांच्या वर पुरुषभर पाणी वाहत होतं.

वाडीत होडी एकच चालू होती, तीही दुरुस्तीला माडाच्या झापांखाली उलटी घातलेली, तळाची फळी काढलेली. उमेर कुवेतला. अडीच तास गाडी अलीकडे उभी होती आणि चाचा पलीकडे पडून होते. मध्ये पाचशे पावलंसुद्धा नव्हती. पाणी कमरेपर्यंत उतरलं तेव्हा चार जणांनी त्यांना खाटेवर घालून, खाट डोक्यावर धरून आणलं. चिपळूणच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, पण हात गेला. दोन तास आधी आणलं असतं तर कदाचित हातही वाचला असता.

हे सगळं फातिमाचाचींनी माझ्याचसमोर उभं राहून मैनाताईंना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "ह्या भिंतीवरचा रस्ता आमच्या कामाला एकदा पन नाय आला गो."

भिंतीला घाम फुटत नाही म्हणतात. पावसाळ्यात मला ओल येते. त्या दिवशीची ओल नुसत्या पावसाची नव्हती, एवढं मी शपथेवर सांगतो.

मैनाताईंनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा तालुक्याला खेटे घातले. आता परवा पत्र आलंय की फेरपाहणी होईल, सोयीची तारीख कळवावी. त्याच दिवशी दुपारी चाचा आले. चिऱ्यांवरून आले, फातिमाचाचींच्या खांद्याचा आधार घेत. मागोमाग महिपत, हातात निळ्या रंगाचा डबा. होडीला लावून उरलेला.

महिपत माझ्याजवळ ब्रश घेऊन आला, तर चाचांनी त्याला अडवलं. डावा हात पुढे केला. "मी... मीच," ते म्हणाले. त्यांची जीभ आता जड आहे, शब्द अडकत येतात.

"सुलेमानभाई, तुमची काय चूक त्याच्यात?" महिपत म्हणाला. "रेघ मी काढली."

चाचांनी मान हलवली. "सांगितली... मी. लाजंपोटी."

तपकिरी रेघेवर निळा रंग चढत होता, कुठे जाड, कुठे पातळ, बराचसा सूचीवर ओघळला, थोडा खार जमिनीतही गेला. गुरुप्रसाद उठून उभे राहिले होते. मला रंगवलं तेव्हा मी ताठ होतो, पण त्या वाकड्यातिकड्या निळ्या फराट्याखाली मला पहिल्यांदा आपण खरे आहोत असं वाटलं. लाज मात्र गेली नाही. निळ्याखालून तपकिरी अजून दिसते. दिसू दे.

मग गुरुप्रसादांनी डायरी उघडली आणि हळूच विचारलं, "चाचा, साहेबांना कधी बोलावू?"

चाचांनी डाव्या हाताची बोटं मोजली. बराच वेळ लागला. "चौदावी," ते म्हणाले. "बारा."

"भर भरतीला?"

"सायबांची बुटं भिजू देत," फातिमाचाची म्हणाल्या. "शहाळी मंग देऊ."

तर साहेब, तुम्ही याल. आल्यावर आधी मलाच बघाल, तशी पद्धतच आहे. माझा फोटोही काढाल. काढा. पण माझ्यावरून काही ठरवू नका, मी एकदा खोटं बोललेला आहे. माझ्याकडे पाठ करा आणि काठावर चला. तिथे उभं राहून विचारा, रस्ता कुठाय म्हणून. सुलेमानचाचा डाव्या हाताने दाखवतील.