केसभर फट

टिण्ण! खोटा दात तिच्या हातातून निसटून वाटीत पडला आणि सकाळची शांतता मोडली.

गुलाबी तबकडीवर बसवलेला पुढचा एकच दात. नऊ वर्षांची असताना तिचे दोन दात काढले होते : एक हिरडीतला आगंतुक, जादाचा, दुसरा त्याने अडवलेला खरा. सपाट एक्स-रेत दोघांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या होत्या. जादाच्या दाताने खऱ्याचं मूळ खाल्लंय, असंच सगळ्यांना वाटलं.

आता ती स्वतः दवाखान्यात दातांचे थ्रीडी स्कॅन काढायची. आणि आज त्या यंत्रापुढे तिचीच आठ वर्षांची लेक उभी होती. पुढे तशीच फट, सपाट फोटोत तशीच सावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मूळ गेलं असेल तर दोन्ही काढावे लागतील."

"भिंगरे, आज यंत्र फिरणार, तू नाही. हलायचं नाही."

"आणि नाक खाजलं तर?"

"चौदा सेकंद ते नाक आपलं नाहीच म्हणायचं."

"मग तू हात धर."

"मला काचेमागे जावं लागतं, राणी."

शेकडो पोरांना हेच सांगून ती सरळ काचेमागे जायची; आज दारात एकदा मागे वळली. तिने बटण दाबलं. भिंगरी जन्मात पहिल्यांदा खांबासारखी उभी राहिली.

पडद्यावर जबडा उमटला. समोरून तीच सावली. तिने तो हळूच कुशीवर वळवला. जादाचा दात मागे, टाळूकडे, वटवाघळासारखा उलटा लटकलेला. आणि त्याच्या नि खऱ्या दाताच्या मध्ये केसभर फट.

"सरक बाई, आज तुझे डोळे लेकीला फितूर आहेत," म्हणत डॉक्टरीणबाईंनी चष्मा चढवला. बराच वेळ पाहिलं. "अगं, मूळ शाबूत आहे! पाहुण्याला तेवढा निरोप देऊ. हा खरा येईल सावकाश खाली. नाहीच आला, तर तार लावून आणू."

तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या पोरासाठी हनुवटीची टेकण पुसायची होती. ती पुसून झाली, तरी तिचा हात यंत्रावरून निघेना.

"आई, तुझ्या लहानपणीच्या त्या डॉक्टरांना हे दिसलंच नाही?"

"त्यांच्यापाशी सावलीच होती गं. तेवढ्यावर त्यांनी माझं भलंच पाहिलं. खुर्चीवरून उतरताना मला कडेवर घेतलं होतं त्यांनी."

भिंगरीने पडद्यावरच्या त्या फटीवर बोट ठेवलं.

"मग तुझा दातपण आतून चांगलाच होता का?"